‘मोटर निकृष्ट दिली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यूत एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, की कंट्रोल लाइनचा, म्हणजे हातात धरलेल्या दोन बारीक लाइन्सवर आपल्याभोवती गोल उडवायच्या छोट्या विमानाचा, सगळा सेट आमच्याकडून घेतला, पाचव्या मिनिटाला विमान डोक्यावर असताना मोटर दमली, लाइन्स सैल पडल्या आणि विमान गेलं. मोटर निकृष्ट, त्यापेक्षा इंधनावर चालणारं ग्लो इंजिन बरं होतं, असंही तुम्ही म्हणालात. रात्री जागून बांधलेलं बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान असं जातं तेव्हा काय वाटतं ते मला माहीत आहे. मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये याच खेळावर वाढलो.

तुम्ही आणून दिलेला सेट बेंचवर लावून पाहिला. मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोन्ही चांगले आहेत. चुकली ती बॅटरी, आणि ती चूक आमची. तुम्ही फोर-एस, म्हणजे चार सेलची, मागितली होती. ती संपली होती, म्हणून काउंटरवर ‘चालेल’ म्हणून तीन सेलची थ्री-एस दिली गेली. माफ करा.

मोटर ९२० केव्हीची, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला ९२० फेरे. उड्डाणाच्या शेवटी थ्री-एस भाराखाली साडेदहा व्होल्टवर येते. ९,६६० फेरे झाले, पण ११ इंची प्रॉपेलर लावल्यावर त्यातले ऐंशी टक्केच हाती लागतात, साधारण ७,७००. ठरवलेले फेरे कायम राखणारा तुमचा गव्हर्नर ८,६०० वर लावलेला. बॅटरी उतरली की तो थ्रॉटल वाढवत जातो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही. फोर-एसवर त्याच क्षणी १०,३०० पर्यंतची जागा असते. आधीच्या सपाट चकरांत ही उणीव जाणवली नाही, ती विमान वर गेल्यावर दिसली.

रेडिओच्या विमानात जोर कमी पडला तर निदान उतरवता येतं. इथे लाइनचा ताण हाच आपला ताबा. तुमचं विमान १.२ किलोचं, लाइन १९ मीटरची. पाच सेकंदांच्या चकरीला हाताला साडेतीन किलोच्या वर ओढ बसते. चकरी साडेसहा सेकंदांवर गेली की दोन किलोच्या आसपास. डोक्यावर त्यातून विमानाचं वजनही वजा होतं, उरतो जेमतेम किलोभर. वाऱ्याची एक झुळूकही मग पुरते.

शिवाय प्रत्येक उड्डाणानंतर चार्जर १,९५० एमएएच (बॅटरीतल्या चार्जचं माप) भरायचा, असं तुम्ही सांगितलंत. २,२०० च्या बॅटरीतून १,७६० च्या पुढे काढू नये. फोर-एसवर तेच फेरे कमी ॲम्पिअरमध्ये मिळतात, त्यामुळे २,२०० ची पुरेल. नाकात पन्नास-साठ ग्रॅम वाढतील, सीजी (गुरुत्वमध्य) पुन्हा तपासा.

फोर-एस बॅटरी, पुशर (उलट्या दिशेने फिरणारा) प्रॉपेलर आणि दुरुस्तीचं बाल्सा-कव्हरिंग आमच्याकडून, पैसे न घेता. पुशर मुद्दाम देतोय : आपण घड्याळाच्या उलट दिशेने उडवतो, तिथे नेहमीच्या प्रॉपेलरचा टॉर्क विमानाला आत, लाइन सैल करण्याच्या बाजूला कलवतो. पुशर बाहेर कलवतो. मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी बदलल्या की ती उलटी फिरते.

आता कंट्रोल लाइनचा सेट देताना वजन, लाइनची लांबी आणि चकरीची वेळ विचारल्याशिवाय आम्ही बिल करत नाही. मागितलेला माल नसेल तर नाही म्हणून सांगतो.

तुमची थ्री-एस मात्र परत देणार नाही. पडताना तिचा कोपरा दबला आहे, आणि अशी लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पुन्हा चार्जरला लावणं धोक्याचं आहे.