वेबकॅमच्या ६० फ्रेमवाल्या मेसेजबद्दल खुलासा

सांगलीतल्या क्लासवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय की ड्रायव्हरमध्ये (कॅमेरा चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते निवडायची सोय आली, आता कुठलाबी वेबकॅम ६० फ्रेमवर चालणार. अर्धंच खरंय बगा. ड्रायव्हर फक्त निवडू देतो, कुठल्या साईजला किती फ्रेम जमतात ती यादी कॅमेरा स्वतःच सांगतो, आणि यादीत ३० च असेल तर ड्रायव्हर ६० कुठनं आणणार?

खरी अडचण वायरची आहे. ७२० पीचं (१२८० बाय ७२० ठिपक्यांचं) कच्चं, म्हणजे न दाबलेलं, वाययूवायव्ही फॉरमॅटचं चित्र ३० फ्रेमला सेकंदाला साधारण ५५ एमबी होतं, आणि यूएसबी २ वर वेबकॅमला जास्तीत जास्त २४ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणून तिथं १० फ्रेमच दिसतात आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात. फॉरमॅट एमजेपेग (दाबून लहान केलेली चित्रं) करा, त्याच कॅमेऱ्यावर ३० मिळतील. लिनक्सवाल्यांनी व्ही४एल२-सीटीएल या कमांडनं कॅमेऱ्याची यादी बघून घ्या.

अजून एक, विश्रामबागेतल्या एका ट्यूबवाल्या खोलीत संध्याकाळी क्लास घेताना फ्रेम निम्म्यावर येत असतील तर तो ऑटो एक्स्पोजर (उजेड बघून आपोआप बदलणारी सेटिंग), अंधारात शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. तेवढं बंद करा नायतर लाईट वाढवा. आणि त्या मेसेजमधली ड्रायव्हरची लिंक दाबू नका राव, साध्या वेबकॅमला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.