डाव्या बरगडीखालचं प्रकरण

नुसतं पोटात दुखलं तर घरात कुणी मान वर करून बघत नाही. पण डाव्या बरगडीखाली हात धरून बसलात, की सगळ्यांना एकदम हृदय आठवतं. बायकोने आधी माझं कपाळ चाचपून घाम पाहिला. मग जबडा, डावा हात, श्वास यांची उलटतपासणी घेतली. तिचं बरोबरच होतं. हृदयाचा झटका कधीकधी अपचनाचं सोंग घेऊन येतो, विशेषतः मधुमेह असलेल्यांकडे. सगळ्या प्रश्नांना मी 'नाही' म्हटलं, तरी ईसीजी निघालाच. हृदय निर्दोष सुटलं.

मग मी फोन हातात घेऊन स्वतः तपासाला लागलो. त्या कोपऱ्यात केवढी दाटी! जठर, स्वादुपिंडाचं शेपूट, प्लीहा, मोठ्या आतड्याचं वळण, मागे डावं मूत्रपिंड, आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर फुप्फुसाचं बूड. इतकी वर्षं बिनभाड्याने राहणाऱ्या या मंडळींची मालकाला नावंही धड ठाऊक नव्हती.

मूत्रपिंडाला पहिल्याच फेरीत वगळलं. मुतखड्याची कळ पाठीतून जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. मी तर सकाळपासून सोफ्यावरून हललो नव्हतो. माझ्या आळसाला वैद्यकीय पुरावा म्हणून मान मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

स्वादुपिंड सुजलं तर दुखणं पाठीपर्यंत आरपार जातं आणि पुढे वाकल्यावर जरा बरं वाटतं. म्हणून वाकून पाहिलं. "काय हरवलंय?" मेव्हण्याने विचारलं आणि तोही सोफ्याखाली शोधू लागला. नागिणीचं दुखणं पुरळ उठण्याआधीच काही दिवस सुरू होऊ शकतं, हे वाचल्यावर आरशासमोर माझ्या फेऱ्या वाढल्या.

जीव जडला तो प्लीहेवर. जेमतेम दीडशे ग्रॅमची. नवव्या ते अकराव्या बरगडीआड बसून म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी मुकाट मोडीत काढते. या पेशींचं आयुष्य सुमारे 120 दिवसांचं, म्हणजे काम कधी संपतच नाही. मलेरियात ती सुजते. मार लागून फाटली तर डावा खांदाही दुखतो म्हणे. मला कुठे मार लागला नव्हता, पण खांदा दाबून दाबून पाहिला. संध्याकाळपर्यंत तो खरोखरच दुखायला लागला.

बहिणीने वेदनाशामक गोळी पुढे केली. पण आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीच जठराचं अस्तर सुजतं, व्रणही पडतात. दुसरं कारण जिवाणू. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1984 मध्ये ते जिवाणू चक्क पिऊन स्वतःचं जठर सुजवून घेतलं, आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळवलं. पोटदुखीवर लोक नोबेल नेतात. मला घरात साधी सहानुभूती मिळेना.

"कुठे दुखतंय, दाखवा," डॉक्टर म्हणाले. मी तळहात गोल फिरवला.

"एका बोटाने दाखवा." ते काही जमेना. "कळ येते, की आग होते? खाल्ल्यावर वाढतं, की कमी होतं?" प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर "थोडंसं". त्यांनी पोटावर बोटं वाजवली. आतून ढोलासारखा आवाज आला.

"गॅस आहे. मोठं आतडं प्लीहेजवळ वळतं ना, तिथे अडकतो."

"म्हणजे प्लीहेला काही नाही?"

"तिला काय होणार आहे?"

प्लीहेच्या वतीने मलाच जरा अपमान वाटला. ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा न थांबणारी कळ यांतलं काही झालं तर तडक या, असं त्यांनी बजावलं. तेवढा भाग मी मान डोलावून ऐकला. निदान त्यात थोडं वजन तरी होतं.

घरी पोचेपर्यंत बहिणीचा फोन. "प्लीहेच्या परिसरातलं प्रकरण आहे," मी गंभीरपणे सांगायला सुरुवात केली. यात खोटं काहीच नव्हतं. पण बायकोने फोन काढून घेतला आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गॅस!"