आधी पगार कुणाचा ते विचारा

आज सकाळी एका शिकल्यासवरल्या माणसानं ऐकवलं, "लडलोमधल्या सैनिकांनी फक्त हुकूम पाळला." लडलो म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं ते ठिकाण, जिथं 20 एप्रिल 1914 ला सैनिकांनी संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळ्या झाडल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय. अहो, हुकुमाचं नंतर बघू. पगार कोण देत होतं?

23 सप्टेंबर 1913. दक्षिण कोलोरॅडोतल्या कोळसा खाणींत संप. कोळसा तोलताना काट्यावर आपला माणूस हवा, आठ तासांचं काम हवं (हे कायद्यात होतंच!), आणि छताला टेकू लावणं, दगड उपसणं याचीही मजुरी हवी, कारण पैसे फक्त बाहेर काढलेल्या कोळशाच्या वजनावर मिळायचे. घरं कंपनीची, त्यामुळे संप करताच बिऱ्हाड रस्त्यावर. युनियननं लडलोला तंबू ठोकले. बाराशेच्या आसपास माणसं.

ऑक्टोबरअखेर गव्हर्नर अमन्सनं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं सैन्य, धाडलं. संपकऱ्यांनी वाजतगाजत स्वागत केलं, बिचाऱ्यांनी! सेनापती जनरल चेस, डेन्व्हरचे डोळ्यांचे डॉक्टर. जानेवारीत कोलोरॅडोतल्याच ट्रिनिडाद गावात, अटकेतल्या कामगार नेत्या मदर जोन्सच्या सुटकेसाठी बायकांचा मोर्चा निघाला. चेस घोड्यावरून पडले, बायका हसल्या, आणि साहेबांनी त्यांच्यावर घोडदळ सोडलं. हाही हुकूमच होता की.

आधी बाहेरून आणलेल्या बदली कामगारांना संरक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. तेही लवकरच गुंडाळलं. मग राज्याची तिजोरी आटली. वसंतात बहुतेक शिपाई घरी गेले, आणि उरलेली जागा भरायला कंपनीच्याच पहारेकऱ्यांना गणवेश चढवून 'ट्रूप ए' उभी केली. काल ज्याच्याशी मारामारी झाली, तोच आज 'सरकार'.

संपकऱ्यांकडेही बंदुका होत्या, 20 एप्रिल 1914 ला एक सैनिकही मेला. मान्य. पण टेकडीवरची मशिनगन तंबूंकडे वळलेली होती.

आणि तो खड्डा. गोळ्या लागू नयेत म्हणून तंबूंखाली खड्डे खणले होते. बाजूनं येणारी गोळी त्यात चुकवता येते. पण वरचा तंबू पेटला की आग हवा ओढून घेते आणि खालचे गुदमरतात. दोन बायका, अकरा मुलं. हे लिहिताना हात थांबतो.

गार्डच्याच अधिकाऱ्यांनी चौकशीत लिहिलं: शिपायांनी तंबू पेटवले, कपडे, दागिने, सायकली लुटल्या. तंबूंमधल्या संपकऱ्यांचा पुढारी लुई टिकास, त्याच्या डोक्यात गार्डच्या लेफ्टनंट लिंडरफेल्टनं बंदूक घातली, मग पाठीत गोळ्या लागून तो मेला. लष्करी न्यायालयानं मान्य केलं की हो, लिंडरफेल्टनं डोक्यात बंदूक घातली, पण गुन्हा नाही. बाकीचेही सुटले.

जनरल पडल्यावर हसणाऱ्या त्या मोर्चातल्या काही बायकांना मात्र अटक झाली होती.