पहाटे तीनला निघायचं हे खूळ कोणी काढलं?

कालपासून डोकं फिरलंय माझं. रत्नागिरीहून संभाजीनगर, लग्न, दोन गाड्या. आदल्या संध्याकाळी अवकाळी पडला, अंगण ओलंच होतं, रात्री आभाळ उघडलं आणि गार पडलं, म्हणजे पहाटे घाटात धुकं बसणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं सातला निघू, ऊन आलं की आंबा घाट चढू. पण नाही, काकांचं एकच, "पहाटे तीन! रस्ता मोकळा मिळतो."

घाटाच्या पायथ्याचं साखरपा सोडलं आणि बॉनेटच्या पुढचं दिसेना. काच आतून धुरकटली, काकूने पदराने पुसली तर फराटे उमटले, त्यातून अजूनच दिसेना. मागे चुलतभाऊ हाय बीम लावून माझ्या आरशात. अरे धुक्यात हाय बीमचा उजेड थेंबांवर आपटून तुझ्याच डोळ्यात येतो, लो बीम ठेव, किती वर्षं सांगतोय! पुढे एकजण चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून, तो उभाय का चाललाय का वळतोय, मागच्याने काय समजायचं? तो कुठेतरी पुढे निघून गेला आणि एका वळणावर एकदम समोर चिखलाने माखलेली लाल रेडियमची पट्टी. बंद पडलेला टेम्पो, टेललाइट नाही, मागे दोन दगड आणि एक फांदी खोचलेली. करकचून ब्रेक मारला, काकूच्या मांडीवरचा लाडवांचा डबा डॅशबोर्डवर आपटला. त्या फांदीची पानं मला बसल्या जागी मोजता येत होती. काका मागे घोरत होते, ते जागे होऊन म्हणतात काय, "ब्रेक हळू मार जरा."

हात थरथरत होते माझे. घाटमाथ्यावर आंबा गावात टपरीपाशी गाडी लावली ती नऊला ऊन येईपर्यंत हलवली नाही. सातला निघालो असतो तरी नऊलाच तिथे असतो, तेही झोप काढून!

आणि हेच काका आंब्याला मोहोर आला की दिवसातून दहादा वर बघतात. मळभ आलं, तुडतुडे पडतील, भुरी येईल, फवारणी आज का उद्या. तेवढंच आभाळ गाडी काढताना का दिसत नाही? वर "थंडीत कुठला पाऊस" हे आहेच. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, 2017 च्या डिसेंबरात ओखी, होड्या कोणाच्या गेल्या, विसरलात? चुलतभाऊ मोबाईल दाखवतो, रत्नागिरीत सूर्याचं चित्र आहे म्हणे. अरे ते समुद्राकाठच्या शहराचं, घाटमाथ्याचं नाही! मधली गावं एकेक करून बघायला दोन मिनिटं लागतात, ती कोणी घालवत नाही. बरं, मुंबईकडे जायचं तरी तेच, 2011 पासून हायवेचं काम चाललंय, अवकाळी झाला की डायव्हर्जनला चिखल, त्यात खड्डा किती खोल ते चाक आत गेल्यावर कळतं.

शुक्रवारी परत यायचंय. काका आत्ताच म्हणाले, "रात्री निघू, सकाळी घरी." म्हणजे परत तोच घाट, तीच वेळ, या वेळी उतरताना. मी घाटाच्या अलीकडे मलकापूरला मुक्कामाची खोली बघून ठेवलीय, उजाडल्याशिवाय खाली उतरणार नाही. ज्याला घाई आहे त्याने एसटीने जावं.