किती मिळतात?

आज सकाळी फोंड्याला भाजी-पाव खाताना एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचो तो बँड... कितें मेळटा रे?" म्हटलं, काही नाही. पाव भाजीत बुडवता बुडवता माणूस थांबला. जणू माझी नोकरी गेल्याचं ऐकलं. मग धीर द्यायला म्हणाला, "जातलें, जातलें. सीझन सुरू जांव दी."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

आम्ही पाचजण ब्लूग्रास वाजवतो, अमेरिकेतलं तारांच्या वाद्यांवरचं लोकसंगीत. म्हणजे प्रयत्न करतो. मी मॅन्डोलिन, मास्तर गिटार, लोटलीचा अंकल व्हायोलिन, भाचा बँजो. (विसर्जनातली बँजो पार्टी नव्हे हो! हा पाच तारांचा, त्यातली एक आखूड, दांड्याच्या मधूनच निघणारी.) डबल बास परवडत नाही, म्हणून पत्र्याचं टब पालथं घालून त्याला काठी नि दोरी. ते आमचा सुतार वाजवतो. टबही त्याचंच.

पहिली तालीम जुलैत, अंकलच्या बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत. तासभर नुसते सूर लावत होतो. बाहेर धो धो पाऊस, आत डास, आणि साताच्या सुमारास लाइट गेली. मी मॅन्डोलिन पेटीत ठेवायला लागलो तर अंकल काळोखातून म्हणतो, "वाजय रे! तुजें कितें करंटार चलता?" खरंच की. आमच्यात वायर लावायची एक वस्तू नाही.

आणि वाजवलं. हात दिसत नव्हते, त्यामुळे पहिल्यांदाच एकमेकांचं ऐकावं लागलं. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो, ते काम मॅन्डोलिनचं. टबाचा ठोका पडला की मधल्या जागेत तारा दाबून 'चक्' करायचं. उजेडात महिनाभर घरी जे जमलं नव्हतं ते त्या काळोखात जमलं. फार तर दोन मिनिटं. मग भाचा चुकला.

याचे किती मिळायला हवेत, सांगा.

आपल्या गावात जत्रेला नाटक होतं ना? बँकेतला क्लार्क संभाजी, रेशन दुकानदार औरंगजेब, आणि प्रॉम्प्टरचा आवाज दोघांहून मोठा. त्यांना कधी कोणी विचारलंय किती मिळतात? उलट पदरचे घालतात. मान्य, ते देवाच्या दारात असतं, आमचं नसतं. बरं.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने तर विचारलं, "ड्रम नाय? मग ट्रॅक लावून गाणारो एकटोच बरो." त्याचंही बरोबर असेल, त्याला भाडं भरायचं असतं. पण मी विचारायला गेलोच का, हाच राग आहे. त्या काळोखात कोणाच्या डोक्यात हॉटेल होतं?

आणि 'हे आपलं नाही' म्हणणाऱ्यांनो, कोणाचं आहे मग? केंटकीच्या बिल मन्रोने १९३९च्या सुमारास आपल्या बँडला 'ब्लू ग्रास बॉइज' नाव दिलं, त्यावरून पुढे हे संगीत ओळखलं जाऊ लागलं. त्यातला बँजो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांचा, मॅन्डोलिन इटलीचं, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) युरोपातून गेलेल्यांचं. ज्या पेटीवर आपलं नाट्यसंगीत उभं आहे, ती कुठली? अंकल लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकला. मॅन्डोलिनच्या तारा त्याच सुरांत लागतात, म्हणून माझी बोटं त्यानेच बसवली, स्वतःच्या व्हायोलिनवर दाखवून. सत्तरी ओलांडलेला माणूस, माझी करंगळी धरून जागेवर ठेवत होता.

जाऊ दे. राग जरा उतरला.

हे लिहिताना आता आठवलं, ते भाजी-पाववाले गृहस्थ आमच्या जत्रेत कित्येक वर्षं नारद करतात! धोतर स्वतःचं, वीणा स्वतःची, मेकअपचे पैसेही स्वतःचे. एका वर्षी पदाच्या ऐन तानेत शेंडी सुटून खांद्यावर आली, तरी बाबा थांबले नाहीत. काळी चारात गातात, आणि वरचा षड्ज असा लागतो की मागच्या रांगेतली झोपलेली पोरं उठतात.

आमच्याकडे वरच्या पट्टीत गाणारा कोणी नाही. ब्लूग्रासला तोच लागतो, मुख्य आवाजाच्या वर चढून चिरत जाणारा. मास्तर प्रयत्न करतात, पण कुत्री भुंकतात.

उद्या भाजी-पावाचे पैसे मीच देणार आहे. रविवारी चारला, लोटलीला. नारद, येताना कॉइल घेऊन या, डास फार आहेत.