एकट्याच आहात ना?

व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीपासून मुई ने साधारण २०० किलोमीटर. पहाटे अंधारात उठून, हॉटेलने खोक्यात भरून दिलेला गार नाश्ता मांडीवर घेऊन, बसच्या शेवटच्या बाकावर आपटत मी तिथे गेले आणि समुद्राकाठच्या त्या लाल वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी बसून सबंध ग्रुपच्या चपला सांभाळल्या. परत येऊन इतके दिवस झाले तरी राग उतरत नाही. बहीण म्हणते, "एवढं काय त्यात?" तिला नवरा आहे. तिला नाही कळायचं.

माणूस एकटा असला की टूरवाले आधी सिंगल सप्लिमेंट लावतात. पलंग दोन, झोपणार एक, म्हणून रिकाम्या पलंगाचेही पैसे आपणच भरायचे. भरले, तक्रार नाही. पण जादा पैसे मोजणाऱ्याला निदान खिडकी तरी द्या! बसमध्ये सगळे जोडीजोडीने बसतात, त्यामुळे सुटं माणूस मागे सरकत सरकत शेवटच्या बाकावर जातं, जिथे पाण्याच्या बाटल्यांचे खोके असतात. मग दर दहा मिनिटांनी पुढून हाक येते, "ताई, एक बाटली द्या ना पुढे." व्हिएतनामचा निम्मा निसर्ग मी बाटल्या पुढे देता देता पाहिला.

रस्ता छान आहे, ते मान्य करायला हवं. २०२३ मध्ये मुई नेच्या अलीकडच्या फान थियेतपर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा नवा एक्स्प्रेसवे सुरू झाला आणि वेळ बराच वाचायला लागला. वाचलेला सगळा वेळ आमच्या टूरवाल्यांनी एका दुकानात घालवला. 'स्वच्छतागृहासाठी' म्हणून बस थांबली. स्वच्छतागृह दुकानाच्या मागे आणि बाहेर यायची वाट काजू, कॉफी, मोत्यांच्या माळा आणि कसलीशी मलमं यांच्यामधून. तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्या माणसाकडे विक्रेती ज्या नजरेने बघते, ती नजर मी माझ्या सासूबाईंसाठी राखून ठेवली होती, पण तो योग आला नाही.

आता काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सांगलीकडचे. बरोबर काकू, मुलगा, सून आणि चालताना ज्याचे बूट लाल-निळे लुकलुकतात असा नातू. काकांच्या हातात टूरच्या कार्यक्रमाचा छापील कागद कायम. गाइड, विशीतलं हसतमुख पोरगं, माइकवर म्हणाला की आता आपण लाम डोंग प्रांतात आलो. काकांनी कागद वर धरला.

"इथे बिन्ह थुआन लिहिलंय."

गाइड म्हणाला, आधी बिन्ह थुआनच होतं, पण १ जुलै २०२५ पासून हा प्रांत लाम डोंगमध्ये विलीन झाला.

"मग आम्हाला का नाही कळवलं?"

पोरगं गोंधळलं. व्हिएतनाम सरकारने ही प्रशासकीय पुनर्रचना काकांना न विचारता केली होती, एवढं खरं. त्याने सॉरी म्हटलं. काकांनी पेनाने कागदावर दुरुस्ती केली, खाली तारीख घातली आणि मला वाटतं, सहीसुद्धा केली.

फान थियेत जवळ आलं तशी ड्रॅगन फ्रूटची शेतं सुरू झाली. सिमेंटचे खांब, त्यांवरून चारी बाजूंनी लोंबणारं ते निवडुंगासारखं झाड आणि ओळीओळींतून टांगलेले विजेचे दिवे. रात्री दिवे लावून झाडाला दिवस मोठा आहे असं भासवायचं, म्हणजे हंगाम नसतानाही फुलं धरतात. मला हे फार आवडलं. काका म्हणाले, "हे आमच्याकडे पण आहे. एकरी उत्पन्न विचारा." गाइडला एकर माहीत नव्हता. मग हेक्टरवरून एकर, एकरवरून गुंठा, डोंग या तिथल्या चलनावरून डॉलर आणि डॉलरवरून रुपये असं करत करत आम्ही फान थियेत ओलांडलं. तिथल्या मासळीच्या सॉसचा वास बसच्या बंद काचांमधून आत आला, पण काका गुणाकारात होते.

खरी ठिणगी पडली ती फेअरी स्ट्रीमवर. हा एक ओढा आहे. घोट्याएवढ्या पाण्यातून अनवाणी चालायचं, एका बाजूला लाल-पांढऱ्या मातीचे झिजलेले कडे, दुसऱ्या बाजूला झाडी. तोंडाशीच एक माणूस चपला सांभाळायला बसलेला.

"शूज कीप. टेन थाउजंड."

"दहा हजार?" काकांचा आवाज ओढ्याच्या उगमापर्यंत गेला असावा.

गाइडने समजावलं, आपले तीस-पस्तीस रुपये होतात.

"जोडीला की माणशी?"

मी मागून म्हटलं, काका, माणशी जोडी एकच असते. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पाच जणांचे झाले पावणेदोनशे. देवळाबाहेर आम्ही पाच रुपये देतो. आणि इथे तर आत देवही नाही!"

चपलावाल्याला मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. तो आठ हजारांवर आला. काका म्हणाले, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. (पैशांचा प्रश्न असला की माणूस हे वाक्य म्हणतोच.) मग तत्त्वासाठी ते अख्खं कुटुंब दोन्ही हातांत चपला धरून त्या रम्य ओढ्यातून चाललं. हात अडकलेले, त्यामुळे मोबाइल काढता येईना. कड्यांवर ऊन काय सुंदर पडलं होतं! काकू पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "पावणेदोनशे रुपयांसाठी एक फोटो नाही आला. एक!" काका गप्प झाले. पण निवृत्त अभियंता गप्प असतो तेव्हा तो योजना आखत असतो, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला नाही पटत. सुट्टीवर गेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या योजनांवर का म्हणून लक्ष ठेवायचं?

दुपारी पांढऱ्या टेकड्या. बाउ चांग नावाचं तळं आहे, कडेला कमळं आणि वर दूरवर पांढरीशुभ्र वाळू. व्हिएतनाम म्हटलं की आपल्याला पाऊस आणि भातखाचरं आठवतात, पण हा पट्टा देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी. पाऊस कमी, वारा भरपूर, त्यामुळे वाळू साचून डोंगर झालेत. जीप वर घेऊन जाते आणि धारेवरून अशी खाली सोडते की पोटातला नाश्ता बाहेर डोकावतो. काकांनी जीपच्या मागच्या बाकावरून व्याख्यान दिलं: वारा ज्या अंगाने येतो तो उतार सौम्य, पलीकडचा उभा, आणि सुक्या वाळूचा उतार चौतिसेक अंशांच्या वर टिकत नाही, ढासळतो. हे अगदी खरं आहे. मी त्याच उतारावरून ढासळले. खाली पोचले तेव्हा काका वरून "बघा, बघा!" म्हणत नातवाला दाखवत होते. मग त्यांनी गाइडला सल्ला दिला की इथे सुरूची झाडं लावा, वाळू धरून ठेवतात, आमच्या कोकणात लावली आहेत. गाइडने रस्त्याकडेची सुरूची रांग दाखवली. काका म्हणाले, "मग पाणी कमी पडत असणार."

संध्याकाळी लाल टेकड्या. ही वाळू खरंच लाल, लोहाच्या गंजामुळे. सूर्यास्त बघायला सगळं जग इथे येतं. बस थांबली, दार उघडलं आणि काका दारात आडवे उभे राहिले.

"ताई, तुम्ही एकट्याच आहात ना?"

"हो."

"म्हणजे वर तुमचा फोटो काढायला कोणी नाही."

"मी काढेन की माझा."

"सेल्फीत टेकडी येत नाही हो. नुसतं तोंड येतं."

काकू मदतीला आल्या. "आणि दुपारी तुम्ही पडलात. गुडघा दुखत असेल."

"नाही दुखत."

"आत्ता नाही कळत. चढलं की कळतं."

"मला सूर्यास्त बघायचाय."

"तो खालूनही दिसतो," काका म्हणाले. "सूर्य काय, सगळीकडून एकच." आणि मग आवाज उतरवून, "कसंय, चपलांजवळ विश्वासाचं माणूस लागतं."

मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांनी सँडलची वेल्क्रो पट्टी चर्रकन सोडली आणि जोडी माझ्या पायापाशी ठेवली. तेवढंच निमित्त हवं होतं. सुनेच्या चंदेरी सपाता, काकूंच्या डॉक्टरी चपला, नातवाचे लुकलुकणारे बूट, पुढच्या बाकावरच्या नवदांपत्याचे एकसारखे पांढरे स्नीकर्स, ज्यांच्याशी माझा अजून एक शब्दही बोलून झाला नव्हता! कोणीतरी मोजेही नीट घडी घालून दिले. जाताना एकजण म्हणाली, "थँक यू हं, मावशी." मावशी?

हे 'विश्वासाचं माणूस' मी चांगलं ओळखते. लग्नात दागिन्यांची पिशवी माझ्याकडे असते. स्टेशनवर सामानापाशी मी असते. हॉस्पिटलात रात्री थांबायला मी, कारण "तुझ्यामागे काही नाही ना." ऑफिसात दिवाळीच्या दिवशी ड्यूटी मला, कारण बाकीच्यांना घरं आहेत. मी जिथे राहते त्याला काय म्हणतात, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. बाईने एकटं राहिलेलं लोकांना आता चालतं, अगदी कौतुकही करतात, फक्त तिचा वेळ सार्वजनिक मालकीचा आहे असं धरून चालतात. बागेतल्या बाकासारखा. बरं, त्याचे पैसेही मीच भरलेले, वर सप्लिमेंटसकट.

असो. मी वाळूत बसले. दहा पावलांवर एक बाई होती, डोक्यावर ती शंकूच्या आकाराची टोपी, तोंडावर फुलाफुलांचा मास्क. वाळूवरून घसरायच्या प्लॅस्टिकच्या चटया भाड्याने द्यायच्या आणि चपला सांभाळायच्या, हा तिचा धंदा. तिच्यासमोर पाच-सहा जोड्या. माझ्यासमोर अर्धं महाराष्ट्र मंडळ. तिने माझ्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून येऊन बरंच काही बोलली. मी म्हटलं, "अहो, माझ्या नाहीत या." इंग्रजीतूनही तिला कळलं नसतंच, मग मराठी काय वाईट? ती वाकली, काकांचे सँडल उचलले, त्यांतली वाळू झटकली, टाचा जुळवून उलट्या दिशेला तोंड करून ठेवले, म्हणजे गिऱ्हाईक आलं की सरळ पाय सरकवील. मला खूण केली: असं ठेव. मी सगळ्या जोड्या तशा लावल्या. खोटं कशाला सांगू, रांग देखणी दिसायला लागली.

तेवढ्यात एक उंच गोरं जोडपं आलं. त्यांनी दोन्ही दुकानं पाहिली. गर्दी असते तिथेच माल चांगला, हा हिशेब जगभर सारखा असावा, कारण ते माझ्याकडे आले. नावेएवढे बूट माझ्यापुढे काढले, दहा हजार डोंगची नोट माझ्या हातात कोंबली, हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि चालते झाले. मी "नो, नो" म्हणत उठेपर्यंत ते अर्ध्या टेकडीवर.

मी ती नोट शंकूटोपीवाल्या बाईपुढे धरली. न्यायाने तिचीच होती. तिने नोटेकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि मास्कच्या आतून अशी हसली की टोपी मागे घसरली. नोट घेतली नाही. उलट स्वतःचं प्लॅस्टिकचं निळं स्टूल उचलून मला आणून दिलं. अख्ख्या टूरमध्ये मला कोणी बसायला चांगली जागा दिली असेल तर तिने.

सूर्य टेकडीच्या पलीकडे मावळला. खालून काही दिसलं नाही, नुसतं अंधारून आलं.

मंडळी उतरली. काकांची नजर थेट परक्या बुटांवर. "हे कोणाचे?" मी सांगितलं. "किती दिले?" तेही सांगितलं. काकांनी खिशातून पेन काढलं.

"म्हणजे हे ग्रुपचं उत्पन्न झालं."

"ग्रुपचं कसं?"

"आपल्या चपला होत्या म्हणून तो आला. भांडवल आमचं."

"आणि श्रम?"

"श्रम तुमचे, मान्य. पण तुम्ही तशाही बसणारच होतात."

परतीच्या वाटेवर त्यांनी काळोख्या बसमध्ये मतदान घेतलं: दहा हजार ड्रायव्हरच्या टिपमध्ये घालावेत की नाही. सगळे हात वर. नवदांपत्याचे चारही. मी शेवटच्या बाकावरून सांगितलं की मी देणार नाही, आणि ज्याला पाणी हवं असेल त्याने इथे येऊन घ्यावं. बराच वेळ कोणाला तहान लागली नाही.

निघायच्या रात्री विमानतळावर काका कुटुंबासाठी कॉफी घेत होते. उरलेसुरले डोंग संपवायचे, आपल्या रुपयांना हात लावायचा नाही, असं पक्कं गणित. सगळ्या खिशांतल्या नोटा काउंटरवर मांडून झाल्या आणि नेमके दहा हजार कमी पडले. ते हळूच वळले. रांगेत मागे मीच.

"ताई, ती नोट आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की," मी म्हटलं. "चपला काढून ठेवा, देते."

काका खाली वाकले आणि सँडलची पट्टी चर्रकन सोडली. काकू ओरडल्या, "अहो!"