गुळाच्या काढ्याने फुफ्फुसं धुऊन निघत नाहीत

थंडी पडली की ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. दहा सेकंद श्वास रोखता आला की फुफ्फुसं ठणठणीत. गूळ, आलं, हळदीचा काढा तीन दिवस घ्या, वर्षानुवर्षांची घाण निघून जाईल. दम्याच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते, तो अगदी शेवटी घ्या. आणि पहाटे पाचला चालायला जा, हवा शुद्ध असते. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पंपाची तर जिवावर बेतणारी.

श्वास रोखण्याची 'टेस्ट' 2020 मध्ये कोरोनाच्या नावाने फिरली होती, आता सगळ्याच आजारांना लावली जाते. दम्याचा रुग्ण त्रास नसताना सहज दहा सेकंद काढतो. सुरुवातीचा टीबी असलेलाही काढतो. फुफ्फुसाचं काम मोजायचं तर स्पायरोमेट्री करावी लागते: छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत सगळा जोर लावून सोडायचा. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे त्यात कळतं. औषध देऊनही ते प्रमाण 0.7 च्या खाली राहिलं, तर डॉक्टर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, विचार करतात. आणि हा आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांना होतो असंही नाही. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या कितीतरी बायकांना तो असतो.

काढा अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसात नाही. घसा शेकायला घ्या, हरकत नाही (मधुमेह असेल तर गूळ जपून). श्वासनलिकेची सफाई तिथलेच सूक्ष्म केस आणि चिकट द्राव करतात. धुराने ते केस लुळे पडतात, सिगारेट सोडली की हळूहळू सावरतात. पण फुटलेले वायुकोश परत येत नाहीत, आणि खाणीतल्या किंवा दगड कापताना उडणाऱ्या धुळीने पडलेले व्रणही जात नाहीत.

आता पंप. कळव्याच्या माझ्या मावशीने सवय लागेल या भीतीपायी पंप कपाटात ठेवून दिला होता, सील न फोडता. गोळ्या मात्र रोज चालू. हिशेब पाहा. दम लागल्यावर आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 20 ते 40 पट, आणि ती रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंप थेट श्वासनलिकेत पोचतो. त्याचं व्यसन लागत नाही. आजार दीर्घकाळचा असतो म्हणून औषधही दीर्घकाळ लागतं. चूक होते ती उलटीच: दम लागला की आराम देणारा पंप मारायचा आणि सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप टाळायचा. आतली सूज तशीच राहते आणि एखाद्या रात्री मोठा अटॅक येतो. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबताना सावकाश ओढा आणि मग जमेल तसा दहा सेकंद श्वास रोखा. दहा सेकंदांचा खरा उपयोग इथे आहे. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्या. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी होते.

पहाटेचं म्हणाल, तर थंडीत रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि धूर-धूळ तिच्यात अडकते. ऊन वर येऊन वारा सुटला की ती मोकळी होते. उपवन तलावावर चालायला जायचंय? आधी 'समीर' ॲपवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा पाहा, दमा असेल तर नक्कीच.

मेसेजमध्ये कबुतरांचा मात्र उल्लेखच नाही. डक्टमध्ये, एसीच्या मागे साचलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासात जाऊन काहींच्या फुफ्फुसांना कायमची सूज येते. ती कोरडी झाडू नका. मास्क लावा, ओली करून मगच काढा.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर पालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या. ती फुकट होते, टीबी निघाला तर औषधंही फुकट मिळतात.